विसळणं, दारं धरणं आणि निचरा : पाण्याच्या क्रियापदांची उकल

'धुणं' हे मराठीतलं सगळ्यात सोयीचं क्रियापद आहे आणि म्हणूनच सगळ्यात कमी सांगणारं. हात धुतले, गाडी धुतली, तांदूळ धुतले, पावसानं रस्ता धुऊन निघाला, अगदी कबड्डीत शेजारच्या गावाला धुतलं, सगळीकडे तोच शब्द. त्यावरून एवढंच कळतं की पाणी आलं आणि घाण गेली. घाण सुटी होती की चिकटलेली, पाणी हललं की भांडं हललं, आणि ते पाणी शेवटी गेलं कुठे, यातलं काहीच कळत नाही.

स्वयंपाकघरात आणि रानात हे कळल्याशिवाय काम होत नाही. म्हणून तिथं दुसरे शब्द आहेत, आणि सातारा-सांगलीत ते अजून बऱ्यापैकी तोंडात आहेत. एका बाजूला कृष्णाकाठचा ऊस आणि दुसऱ्या बाजूला माण, खटाव, आटपाडी, जत हे कोरडे तालुके. पाणी जास्त झाल्याचं दुखणं आणि पाणी न मिळाल्याचं दुखणं दोन्ही याच दोन जिल्ह्यांत आहे, आणि दोन्हीसाठी शब्द लागतात.

घरापासून सुरुवात करू. पाहुणे उठले की आतून आवाज येतो, "वैनी, कपबशा निस्त्या इसळा, घासायच्या न्हाईत." या एका वाक्यात भांड्याची पूर्ण तपासणी झालेली असते. विसळायचं म्हणजे थोडं पाणी घ्यायचं, बोटं फिरवायची, पाणी फेकून द्यायचं. राख नाही, साबण नाही, काथ्या नाही. विसळायला सांगणाऱ्यानं आधीच ठरवलेलं असतं की भांड्यात जे आहे ते सुटं आहे, पाण्याबरोबर निघून जाईल. तूप-तेलाच्या पातेल्याला कोणी 'विसळ' म्हणत नाही. तिथं 'घास' म्हणतात, कारण तेल पाण्यात विरघळत नाही. त्याला आधी भांड्यापासून सोडवावं लागतं. घासणं हे सोडवण्याचं काम आणि विसळणं हे सुटलेलं वाहून नेण्याचं काम. घासलेलं भांडंही शेवटी विसळावंच लागतं. उलटं मात्र नाही.

खंगाळणं म्हणजे विसळण्याचाच भाऊ, पण इथं हात आत जात नाही. घागर, कळशी, बाटली, दुधाची किटली. आत तांब्याभर पाणी घालायचं, तोंडावर पंजा ठेवायचा, भांडंच गदागदा हलवायचं आणि ओतून टाकायचं. विसळताना बोटं फिरतात, खंगाळताना भांडं फिरतं. गावोगाव यात सरमिसळ आहे आणि काही घरांत दोन्हीसाठी एकच शब्द चालतो, पण मला हाताचा आत शिरकाव हीच खरी खूण वाटते. कपडे असतील तर खळबळणं: साबण लावून, आपटून झाल्यावर बादलीत किंवा नदीच्या वाहत्या पाण्यात कापड धरून इकडून तिकडे ओढायचं. तोंडही खळबळतात. मात्र तोंडाच्या बाबतीत भाषा जास्त काटेकोर आहे. चूळ भरतात ती गालांत, गुळणी करतात ती घशापर्यंत. घसा धरल्यावर डॉक्टर मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगतात आणि आपण नुसत्या चुळा भरून थुंकत असू, तर गुण यायचा नाही. जेवणानंतर हात आणि तोंड दोन्ही स्वच्छ करण्याला आचवणं. हा शब्द आता म्हाताऱ्या माणसांकडेच ऐकू येतो, पण "हातावर पाणी पडलं की लगेच निघू" हे मात्र सगळे म्हणतात. जेवण संपलं, हे पाण्यावरून सांगायची ही रीत.

रोळणं हा शब्द जायच्या वाटेवर आहे, म्हणून त्याच्यापाशी थोडं थांबतो. तांदूळ धुणं आणि तांदूळ रोळणं या दोन वेगळ्या गोष्टी. धुतल्यानं वरची पूड आणि धूळ जाते. रोळल्यानं खडे जातात. परातीत धान्य आणि पाणी घेऊन हलकेच हेलकावा द्यायचा. खडा धान्यापेक्षा जड, तो तळाला बसतो. मग परात तिरकी करून, हेलकावा न थांबवता, पाण्याबरोबर धान्य दुसऱ्या भांड्यात सोडत जायचं. शेवटी परातीच्या कोपऱ्यात खडे तेवढे उरतात. इथं पाणी घाण विरघळवत नाही की पुसत नाही, ते फक्त जड-हलकं वेगळं करतं. दुकानातून आता निवडलेला, यंत्रातून आलेला तांदूळ मिळतो, त्यामुळे रोळायची गरज उरली नाही आणि शब्दही उरला नाही. त्या पाण्याचं नाव मात्र टिकलंय: धुवण. तांदळाचं धुवण झाडाला घालतात नाहीतर जनावरापुढे ठेवतात.

देवाच्या बाबतीत धुणं म्हणत नाहीत, पाखाळणं म्हणतात. संस्कृत 'प्रक्षालन' झिजून तो झाला. आषाढीनंतर पंढरपुरात होणारी प्रक्षाळपूजा आणि चैत्र यात्रेनंतर जोतिबाच्या डोंगरावर होणारी पाकाळणी, दोन्ही त्याच कुळातल्या.

आता एक हिशेब, जो प्रत्येक घरात बिनकागदाचा चालतो. "कापडं तीन पाण्यातनं काढ" असं सांगतात, तेव्हा पाणी किती घ्यायचं ते सांगत नाहीत. किती वेळा बदलायचं ते सांगतात. त्याचं कारण साधं गणित आहे. समजा पिळल्यावरही कापडात १ लिटर साबणाचं पाणी राहिलं आणि खळबळायला तुमच्याकडे ९ लिटर स्वच्छ पाणी आहे. सगळं एकदम ओतलं तर एकूण १० लिटर झालं. परत पिळलं की कापडात १ लिटर उरलं, म्हणजे साबणाचा दहावा हिस्सा मागे राहिला. तेच ९ लिटर तीन-तीन लिटरनं तीनदा घ्या. प्रत्येक वेळी एकूण ४ लिटर होतं आणि पिळल्यावर १ उरतं, म्हणजे साबण दर खेपेला चौथाईवर येतो. तीन खेपांनंतर उरतो तो चौसष्टावा हिस्सा. पाणी तेवढंच, फरक सहापटीहून जास्त. अट एकच: प्रत्येक पाण्यानंतर पिळायचं. आधीचं पाणी बाहेर गेल्याशिवाय नव्या पाण्याचा उपयोग नाही. हे वाक्य पुढे रानात लागणार आहे.

घरातलं हे सगळं पाणी मोरीत जातं. मोरी म्हणजे भांडी घासायची, हातपाय धुवायची जागा, आणि मोरी म्हणजे रस्त्याखालून ओढ्याचं पाणी काढायला बांधलेली वाटही. भिंतीतून असो वा भरावातून, पाण्याला पलीकडे जायला ठेवलेलं तोंड म्हणजे मोरी. ते तोंड महत्त्वाचं, बाकी फरशी मागाहून आली. जुन्या घरांत मोरीच्या तोंडाशी केळ किंवा अळू असायचं, म्हणजे विसळलेलं पाणी तिथंच पाजलेलं पाणी व्हायचं.

रानातले शब्द विहिरीपासून लावले तर लक्षात राहतात. मोट, म्हणजे विहिरीतून बैलांनी ओढायचं चामड्याचं पात्र, वर आली की जिथं रिकामी व्हायची तो दगडी खळगा म्हणजे थारोळं. 'रक्ताच्या थारोळ्यात' असं बातम्यांत रोज छापून येतं, पण थारोळं मूळचं पाण्याचं, हे मोट गेल्यावर विसरलं गेलं. साताऱ्याजवळ लिंबच्या शेरीत बारा मोटांची विहीर आहे, थोरल्या शाहू महाराजांच्या काळातली. तिथल्या शिलालेखात शके १६४१ ते १६४६ असा बांधकामाचा काळ दिलाय, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४. वरच्या बाजूला उभं राहिलं की बारा मोटांची जागा आणि तिथून पाणी कसं पुढे जात असेल हे डोळ्यांनी कळतं. पुस्तकातून 'थारोळं' समजून घेण्यापेक्षा तिथं जाऊन आलेलं बरं.

थारोळ्यातून पाणी पाटात. पाटातून दंडात. दंडातून सरीत नाहीतर वाफ्यात. पाट हा कायमचा, बांधलेला किंवा पिढ्यान् पिढ्या वापरून घट्ट झालेला. दंड हा रानातला, मातीचा, नांगरटीला मोडतो आणि परत ओढावा लागतो. पाट पाणी नेतो, दंड पाणी वाटतो. पाटाचं सगळं शास्त्र उतारात आहे. फार उतार दिला तर पाणी माती खात जातं, कमी दिला तर गाळ बसतो आणि पाणी वाटेतच जिरतं. साताऱ्याला कास तलावाचं पाणी असंच उतारानं आलं. मध्ये ओढा किंवा खळगा आला तर पाटाला अधांतरी नेणारी पन्हळ लागते. घराच्या छपराला लावतात तीही पन्हळच.

आता खरं कौशल्याचं काम: दारं धरणं. शहरातल्या माणसाला हा शब्द ऐकून दार बंद करून बसल्याचा भास होतो. इथं दारं म्हणजे दंडाच्या कडेला, प्रत्येक सरीच्या तोंडाशी मातीत पाडलेली वाट. खोरं घेऊन माणूस उभा राहतो. एक सरी भरत आली की तिच्या तोंडावर दोन खोरी माती टाकायची आणि पुढच्या सरीचं तोंड उघडायचं. याला दारं मोडणं म्हणतात. "तात्या कुठायत?" "दारं मोडायला गेल्यात." मोडणं इथं तोडफोडीचं नाही, वळवण्याचं आहे. तात्यांच्या हातून नाही, आपोआप वाट फुटली तर मात्र "पाणी फुटलं", आणि मग चिखलात पळावं लागतं. मुद्दाम वरच्यानं बांध कोरला तर "पाणी तोडलं", आणि मग भांडण. तिन्हीत पाणी एका जागेवरून दुसऱ्या जागेला गेलं, एवढंच घडलं. कोणाच्या मर्जीनं गेलं ते क्रियापद सांगतं. शेतीपंपाची वीज जिथं आठवड्यातले काही दिवस रात्रीच असते, तिथं हे सगळं बॅटरीच्या उजेडात चालतं आणि सापाचं भय वेगळं.

दारं धरणाऱ्याला सरीत पाणी कुठवर आलं की वाट बंद करायची हे कळावं लागतं, आणि इथं नवशिका फसतो. सरीच्या तोंडाशी पाणी सगळ्यात आधी येतं आणि वाट बंद होईपर्यंत वाहत राहतं. शेवटाला ते उशिरा पोचतं. म्हणजे तोंडाची माती तासभर पाणी पिते आणि शेवटाची माती पाच-दहाच मिनिटं. सरी जितकी लांब, तितका हा फरक जास्त. मुरमाड रानात तो आणखी वाढतो, कारण पाणी पुढं पळण्याऐवजी खाली जातं. भेगाळलेल्या काळ्या रानात पहिलं पाणी आधी भेगा पितात, मग पुढं सरकतं. म्हणून जाणता माणूस पाणी सरीच्या टोकाला टेकायच्या थोडं आधीच दारं मोडतो. सरीत आहे तेवढं पाणी आपल्या पायानं शेवटापर्यंत जातं.

भिजवण्यालाही एकच शब्द नाही. लावणीनंतर चार-दोन दिवसांनी द्यायचं हलकं पाणी म्हणजे आंबवणी. आणि पाणी दिल्यावर रान परत पाय ठेवण्याजोगं, कुळव घालण्याजोगं झालं की वापसा आला म्हणायचं. वापसा हा माझ्या मते मराठी शेतीतला सगळ्यात नेमका शब्द आहे. ओल आहे पण चिखल नाही. मूठ वळते पण हाताला चिकटत नाही. मातीच्या कणांमधल्या पोकळीत पाणी आणि हवा दोन्ही आहेत आणि मुळांना दोन्ही मिळतायत, अशी ती अवस्था. पीक पाण्यावर वाढतं असं आपण म्हणतो, पण वाढतं ते वापशावर. सतत भिजलेल्या रानात वापसा येतच नाही. मुळं गुदमरतात, ऊस पिवळा पडतो आणि मालकाला वाटतं पाणी कमी पडलं.

विहिरीपलीकडे सरकारी शब्द सुरू होतात. कालवा, त्यातून फुटणारी चारी, चारीतून फुटणारी पोटचारी, आवर्तन, टेल. पाट आपला किंवा गावाचा, कालवा सरकारचा, असा बोलण्यातला ढोबळ फरक आहे. तरी खात्याला लोक अजून 'पाटबंधारे'च म्हणतात, पाटी केव्हाच 'जलसंपदा'ची झाली तरी. कराडजवळ खोडशीला कृष्णेवर बंधारा घालून कालवा काढला तो एकोणिसाव्या शतकात, म्हणजे इथल्या लोकांना सरकारी पाण्याची सवय जुनी आहे. आवर्तन म्हणजे कालव्याला सुटलेलं एका खेपेचं पाणी आणि पाळी म्हणजे त्यातला तुमचा वाटा. आवर्तन सगळ्यांचं, पाळी एकाची. टेल म्हणजे कालव्याचं शेपूट. सरीच्या शेवटाचं जे दुखणं तेच इथं मैलांच्या मापात.

ताकारी, म्हैसाळ आणि टेंभू या उपसा योजनांनी मात्र पाटाचा मूळ नियमच उलटा केला. वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही, अशी म्हण आहे. कृष्णेचं पाणी पंपांनी टप्प्याटप्प्यानं वर चढवून कवठेमहांकाळ, जत, खानापूर, आटपाडीकडे नेलं, तेव्हा ते आढ्यालाच नेलं. त्यामुळे तिकडच्या भाषेत पाणी 'सुटत' नाही, योजना 'सुरू होते'. सुटायला उतार पुरतो. सुरू व्हायला वीज लागते आणि विजेचं बिल कोणीतरी भरावं लागतं. कोयना धरणावर आणखी एक निराळा शब्द मिळतो, अवजल. वीज तयार करून झाल्यावर बाहेर पडणारं पाणी. त्यातलं बहुतेक कृष्णेकडे परत येत नाही, पश्चिमेला कोकणात वाशिष्ठी नदीला मिळतं.

पावसाळ्यात बातम्यांतून 'विसर्ग' आणि 'क्युसेक' कानावर पडतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८.३ लिटर. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. सुमारे ११,५७४ क्युसेकनं पूर्ण एक दिवस पाणी सोडलं की एक टीएमसी जातं. एवढा आकडा लक्षात ठेवला तर १०५.२५ टीएमसीच्या कोयनेतून किती निघतंय त्याचा अंदाज घरबसल्या लागतो. सांगलीकराला मात्र क्युसेकपेक्षा कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी मोजलेले पाण्याचे फूट जास्त कळतात: ४० ला इशारा, ४५ ला धोका, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ च्याही वर. पुराचा इथला खास शब्द फूग. मोठी नदी भरून वाहत असली की तिला मिळणाऱ्या ओढ्याचं पाणी आत शिरत नाही, उलट मागं फुगत येतं. ओढ्याच्या वरच्या अंगाला पाऊस नसतानाही पाणी चढतं. "पूर नाही आला, फूग आली," असं म्हणणारा माणूस पाण्याची दिशा सांगत असतो. आणि पूर ओसरताना घर धुवायची एक वेळ असते: पाणी उंबऱ्याच्या खाली उतरायच्या आत, त्याच पाण्यानं गाळ हलवून बाहेर लोटायचा. वाळला की तो घासावा लागतो.

राहिले ते जमिनीत जाणाऱ्या पाण्याचे शब्द, आणि इथं सगळ्यात जास्त गोंधळ होतो. मुरणं म्हणजे आत जाऊन तिथंच राहणं. लोणचं मुरतं तसं. म्हणून "कुठंतरी पाणी मुरतंय" म्हणजे बाहेर दिसत नाही पण आत साठतंय. जिरणं म्हणजे आत जाऊन दिसेनासं होणं, आणि 'पाणी अडवा, पाणी जिरवा' ही घोषणा त्यावरच उभी आहे. झिरपणं म्हणजे बारीक वाटेनं आरपार जाणं. पाझरणं म्हणजे पलीकडून बाहेर येणं. पाझर तलावाला झिरप तलाव म्हणत नाहीत, कारण तलाव ज्यांच्यासाठी बांधला त्यांच्या विहिरी खालच्या अंगाला असतात आणि त्यांना पाण्याचं येणं दिसतं, जाणं नाही. निथळणं वरचं, निचरणं आतलं: धुतलेली मेथी चाळणीत निथळते, रान निचरतं. निथळायला टांगून ठेवलं की पुरे. निचऱ्याला मात्र खाली वाट लागते.

ती वाट नसली की काय होतं ते वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांतल्या नदीकाठच्या गावांत हजारो एकरांवर दिसतं. भारी काळी जमीन, बारमाही ऊस, मोकाट पाणी. जमिनीखालच्या पाण्याची पातळी चढत चढत वर येते. ती मुळांच्या आसपास आली की मातीच्या बारीक नळ्यांतून पाणी पृष्ठभागाकडे ओढलं जातं, उन्हानं त्याची वाफ होते, आणि त्यात विरघळलेलं मीठ मागं राहतं. पाण्याबरोबर मीठ वर येतं, वाफेबरोबर मात्र जात नाही. काही वर्षांत रान पांढरं पडतं. लोक म्हणतात, खार फुटला.

या जमिनीला 'धुवायचं' असतं, आणि सुरुवातीला मी त्या शब्दाबद्दल तक्रार केली ती यासाठी. दोन दुखणी एकाच नावाखाली जातात. एक क्षारयुक्त जमीन. तिच्यात विरघळणारे क्षार सुटे असतात. माती परीक्षणाच्या कागदावर विद्युतवाहकता ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर आणि सामू (पीएच) ८.५ च्या आत दिसतो. हिला चांगलं पाणी आणि खाली निचरा मिळाला की क्षार निघून जातात. दुसरी चोपण जमीन. तिच्यात सोडियम मातीच्या कणांना चिकटून बसलेला असतो. कणांवरच्या बदलणाऱ्या आयनांत त्याचा वाटा १५ टक्क्यांच्या वर जातो आणि सामू ८.५ च्या पुढं. अशा जमिनीत नुसतं पाणी सोडलं तर उलट नुकसान होतं. सुटं मीठ निघून जातं, सोडियम राहतो, मातीचे कण एकमेकांपासून सुटून बारीक होतात, भोकं बुजतात आणि पाणी वरच थांबतं. तिथं आधी जिप्सम घालावं लागतं. जिप्सममधला कॅल्शियम सोडियमची जागा घेतो, सोडियम सुटा होतो आणि मग पाण्याबरोबर जातो. तेलकट पातेल्याला आधी राख लागते, नुसतं विसळून भागत नाही, तसंच हे. क्षारयुक्त रान विसळायचं, चोपण रान घासून मग विसळायचं. माती तपासल्याशिवाय दोन्ही वरून सारखीच पांढरी दिसतात, म्हणून शेजाऱ्यानं जिप्सम टाकलं म्हणून आपणही टाकणं किंवा त्यानं नाही टाकलं म्हणून आपणही न टाकणं, दोन्ही सारखंच धोक्याचं.

पाणी द्यायची पद्धतही बादलीतल्या हिशेबासारखीच. रानात एकदम तळं करून ठेवण्यापेक्षा थोडं पाणी, मग निचरा होऊ देणं, मग परत पाणी, असं केलं तर तेवढ्याच पाण्यात जास्त क्षार निघतात. मधल्या सुटीत बारीक भोकांतलं खारं पाणी मोठ्या भोकांकडे येतं आणि पुढच्या पाण्याबरोबर खाली जातं.

खाली जायला वाट म्हणजे पूर्वी उघडे चर असत. आता सच्छिद्र प्लास्टिकच्या नळ्या, जाळीचं किंवा कापडाचं वेष्टण घालून, साधारण तीन-चार फूट खोल ठरावीक अंतरावर पुरतात. पाणी भोकांतून आत येतं, माती वेष्टणाबाहेर राहते, आणि सगळ्या नळ्या एका मोठ्या नळीला मिळून ओढ्याकडे जातात. खर्च मोठा आहे, पण फसतं ते बहुतेक वेळा खर्चामुळे नाही. एकट्याच्या बांधाच्या आत निचरा पुरा होत नाही. खारं पाणी खालच्या शेतकऱ्याच्या रानात सोडता येत नाही. ते ओढ्यापर्यंत न्यायचं तर मधल्या चार बांधांची परवानगी हवी, आणि ओढा बुजलेला, झुडपांनी भरलेला किंवा कोणी रानात घेतलेला असेल तर नळीचं तोंड पावसाळाभर पाण्याखाली राहतं. फूग आलेल्या ओढ्यात बुडालेली नळी पाणी काढत नाही. ओढ्याचं पाणी नळीतून रानाकडे येऊ लागतं. म्हणून कसबे डिग्रजचं शेती संशोधन केंद्र असो, खात्याचा माणूस असो वा नळ्या टाकणारा ठेकेदार, त्याच्याशी बोलताना पहिला प्रश्न नळीच्या दराचा नसावा. "पाणी काढणार कुठं, आणि पावसाळ्यात ते तोंड पाण्याच्या वर राहणार का?" हे आधी विचारायचं, आणि उत्तर ओढ्याच्या काठावर उभं राहूनच घ्यायचं.